सुई दहा सेकंदांची, दिवस अख्खा

डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. घेणाऱ्याच्या अंगावर तो पहिल्या दोन-तीन वेळाच येतो. बधिर करणारे थेंब पडतात, पापण्या उघड्या ठेवणारी छोटी चाप बसते, डॉक्टर "वर बघा" म्हणतात, आणि सुई आत जाऊन बाहेर यायला दहा सेकंदही लागत नाहीत. चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत सुईची भीती बहुतेकांची ओसरलेली असते. उरते ती पुढच्या तारखेची धास्ती.

वेट एएमडी, म्हणजे वयोमानाने मॅक्युलाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाला, होणाऱ्या आजाराचा ओला प्रकार, साधारण सत्तरीच्या आसपास गाठतो. माणूस तालुक्याच्या गावी राहत असेल तर रेटिनाचा, म्हणजे ह्या पडद्याचा, डॉक्टर जिल्ह्याला किंवा थेट पुण्या-मुंबईला. पहाटेची एसटी धरायची. सकाळी नंबर लावायचा, नजर तपासायची, बाहुली मोठी करणारे थेंब घालून अर्धा-पाऊण तास बसायचं, मग ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, मग डॉक्टर. डॉक्टर म्हणणार, "पाणी आहे, इंजेक्शन लागेल." मग काउंटर, मेडिक्लेमची कागदपत्रं, औषधाची वाट. काही ठिकाणी इंजेक्शनचा वार ठरलेला असतो, म्हणजे परवा पुन्हा यायचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. पण सोबत येणाऱ्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं, आणि त्याचा त्या दिवसाचा पगार बुडतो तो वेगळाच. असा दिवस दर महिन्याला, आणि तो किती वर्षं हे कुणी सांगत नाही. उपचाराचं ओझं म्हणायचं ते ह्याला. ते कमी करण्याचे मार्ग आहेत, पण ते नेमकं कुठून कमी करायचं हे समजून घेतलं नाही तर ओझ्याबरोबर नजरही जाते.

आधी हे इतक्या वेळा का घ्यावं लागतं ते पाहू. पडद्याच्या अगदी मध्यावर, वाचायच्या आणि चेहरे ओळखायच्या जागेखाली, नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या झिरपतात, कधी फुटतात. त्यांना वाढवणारं प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. नेपोलियन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८९ साली वेगळं करून ओळखलं, आणि त्याला बांधून ठेवणारं रॅनिबिझुमॅब २००६ साली अमेरिकेत डोळ्यासाठी मंजूर झालं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'मरीना' चाचणीत दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांना वर्षभरानंतर तक्त्यावरची सरासरी ७ अक्षरं जास्त वाचता येत होती, आणि ज्यांना औषध दिलं नव्हतं त्यांची १० अक्षरं गेली होती. त्याआधीच्या कोणत्याही उपचाराने सरासरी नजर वाढवून दिली नव्हती.

पण हे औषध आजार बरा करत नाही. तयार होणारं व्हीईजीएफ ते धरून ठेवतं, तयार होणं थांबवत नाही. डोळ्यातला पारदर्शक गर साधारण ४ मिलीलिटर. त्यात ०.०५ मिलीलिटर औषध सोडलं की साधारण आठ-दहा दिवसांत ते निम्मं होतं, पुढच्या आठ-दहा दिवसांत त्याच्याही निम्मं. चार ते आठ आठवड्यांत बहुतेक डोळ्यांत ते इतकं विरळ होतं की रक्तवाहिनी पुन्हा झिरपू लागते. नळाची गळती थांबत नाही, आपण खालची बादली बदलत राहतो, असंच हे आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. "शेजारच्या काकांना पण डोळ्यात इंजेक्शनं होती, त्यांची बंद झाली. माझीच का चालू?" बहुतेक वेळा शेजारच्या काकांना मधुमेहामुळे मॅक्युलाला सूज असते. औषध तेच, सुई तीच, आजार वेगळा. मधुमेहाच्या सुजेवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षी आठ-नऊ, दुसऱ्या वर्षी दोन-तीन आणि चौथ्या-पाचव्या वर्षी बहुतेकांना शून्य किंवा एक इंजेक्शन लागलं. वेट एएमडीमध्ये अशी उतरण सहसा नसते. हा फरक पहिल्याच भेटीत समजावून सांगणं हासुद्धा ओझं कमी करण्याचाच भाग आहे, असं मला वाटतं. "तीन इंजेक्शनांचा कोर्स" असं सांगितलेला माणूस चौथ्या इंजेक्शनला फसवला गेल्यासारखा बसतो, आणि पाचव्याला येत नाही.

महिन्याला एक, हा पहिला काटेकोर रिवाज. त्यावर सुचलेला पहिला उपाय साधा होता: सुरुवातीला तीन डोस द्यायचे, मग दर महिन्याला फक्त तपासायचं आणि पाणी दिसलं तरच टोचायचं. ह्याला 'गरजेनुसार' पद्धत म्हणतात. मायामीतल्या 'प्रोंटो' अभ्यासात ह्या पद्धतीने पहिल्या वर्षी सरासरी ५.६ इंजेक्शनांत काम भागलं. कागदावर ओझं निम्म्याहून खाली आलं. पण नीट मोजा. सुया कमी झाल्या, फेऱ्या तितक्याच राहिल्या. वर्षातून बारा-तेरा वेळा तीच एसटी, तेच थेंब, तोच अर्धा तास, आणि दर वेळी 'आज टोचणार की नाही' ही टांगती तलवार. शिवाय ह्या पद्धतीत पाणी आल्यावरच उपचार होतो, म्हणजे दर वेळी डोळ्याला थोडी इजा होऊ देऊन मग आपण धावतो. चाचणीत ज्यांना दर महिन्याला न चुकता बोलावलं जातं त्यांचं ठीक. रोजच्या व्यवहारात महिन्याचे दोन महिने होतात, दोनाचे तीन, आणि ह्या पद्धतीचा पायाच सुटतो.

मग आली ती 'ट्रीट अँड एक्स्टेंड'. न्यूयॉर्कच्या रिचर्ड स्पेड ह्यांनी २००७च्या सुमारास ती मांडली, आणि आज बहुतेक रेटिनातज्ज्ञ तीच वापरतात. मराठीत तिला 'टोचत जा, लांबवत जा' म्हणता येईल. सुरुवातीला दर चार आठवड्यांनी तीन डोस. पडदा कोरडा झाला की पुढची तारीख सहा आठवड्यांवर. त्या दिवशी ओसीटी काढायचा आणि इंजेक्शन द्यायचंच, पाणी असो वा नसो. ओसीटीवरून फक्त पुढची तारीख ठरते. कोरडं असेल तर आठ आठवडे, पुन्हा कोरडं तर दहा, मग बारा. मध्येच पाणी दिसलं तर दोन आठवडे मागे यायचं.

हिशेब करून पाहा. सगळं सुरळीत गेलं तर इंजेक्शनं पडतात शून्य, ४, ८, १४, २२, ३२ आणि ४४व्या आठवड्याला. पहिल्या वर्षी सात इंजेक्शनं आणि सातच फेऱ्या. पुढच्या वर्षी बारा आठवड्यांचा टप्पा टिकला तर चार किंवा पाच. गरजेनुसार पद्धतीपेक्षा सुया कदाचित एक-दोन जास्त, पण फेऱ्या जवळजवळ अर्ध्या. आणि पुढच्या तारखेला टोचणार हे आधीच माहीत असल्यामुळे मुलाची रजा, गाडी, कॅशलेसचं पत्र, सगळं आधी ठरवता येतं.

ही पद्धत मोडते कुठे? जवळजवळ नेहमी एकाच वाक्यापाशी: "पाणी नाही म्हणता, मग आज इंजेक्शन कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर मिळायला हवं. पाणी नाही ते मागच्या इंजेक्शनमुळे नाही. रक्तदाब नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करत नाहीत, तसंच हे. आज टोचायचं ते पुढचे आठ किंवा दहा आठवडे सांभाळण्यासाठी. हे वाक्य डॉक्टरांनी पाच मिनिटं खर्चून, घरच्या माणसासमोर, एकदा तरी नीट सांगायला हवं. कित्येक ठिकाणी ते सांगितलं जात नाही आणि मग रुग्ण स्वतःच्या मनाने 'गॅप' वाढवतो. डोळ्याने कमावलेला गॅप आणि आपण घेतलेला गॅप ह्यांत फार मोठं अंतर आहे.

दुसरी चूक घाईची. चार आठवड्यांवरून थेट आठ किंवा दहावर उडी मारायची. पाणी परत आलं की मग कळत नाही, ह्या डोळ्याची मर्यादा सहा होती की सात की नऊ. दोन-दोन आठवड्यांची पायरी संथ वाटते, पण ती मोजपट्टी आहे. जपानमधल्या 'अल्टायर' अभ्यासात चार-चार आठवड्यांच्या पायऱ्यांनीही चांगला निकाल मिळाला, तेव्हा ज्याचा डोळा पहिल्या डोसलाच कोरडा ठणठणीत झाला त्याच्या बाबतीत ते विचारात घेता येतं. ज्याचा दुसरा डोळा आधीच गेलेला आहे, त्याच्या एकुलत्या डोळ्यावर मात्र मोठ्या उड्या मारू नयेत. अशा माणसाला सहा आठवड्यांची जास्तीची फेरी परवडते. एका रक्तस्रावाने वाचन गेलं तर ते परवडत नाही.

तिसरी चूक उलट्या बाजूची, अति सावधपणाची. कुणाच्या डोळ्यात आठ आठवडे टिकतं, दहाला पाणी येतं. दोनदा तपासून दोनदा तसंच झालं, तर त्या डोळ्याची मर्यादा आठ किंवा नऊ, आणि तिथेच थांबायचं. पण एकदाच पाणी आलं म्हणून कायमचं चार आठवड्यांवर नेऊन बसवणं हे उगाच लादलेलं ओझं आहे. काही महिने स्थिर राहिल्यावर पुन्हा एक पायरी चढून पाहायला हरकत नसते. आपल्या फायलीवर 'सध्याचा गॅप' आणि 'शेवटचं पाणी कितव्या आठवड्याला आलं' ह्या दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. डॉक्टर बदलला, शहर बदललं, मुलाकडे पुण्याहून बंगळुरूला गेलं, तरी त्या दोन आकड्यांमुळे नवीन डॉक्टरला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

'पाणी' हा शब्द आपण सैल वापरतो, पण सगळं पाणी सारखं नसतं. पडद्याच्या आत साचलेलं पाणी, म्हणजे ओसीटीवर काळ्या पुटकुळ्यांसारखं दिसतं ते, वाईट. त्याला सहसा दयामाया दाखवू नये. पडद्याच्या खाली पातळ थरासारखं राहिलेलं थोडं पाणी मात्र अनेक डोळे सहन करतात. ऑस्ट्रेलियातल्या 'फ्लुइड' अभ्यासात पडद्याखालचं २०० मायक्रॉनपर्यंतचं पाणी चालवून घेतलं, आणि दोन वर्षांनी नजर, पूर्ण कोरडं करण्याच्या मागे लागलेल्या गटाइतकीच राहिली. इंजेक्शनं थोडी कमी लागली, १७ ऐवजी १५.८. फरक मोठा नाही, पण ज्याच्या डोळ्यात तो चिकट थर महिनोन्महिने हटतच नाही, त्याला दर चार आठवड्यांच्या चक्रातून सोडवायला तो आधार पुरतो.

ओसीटीच्या कागदावर मधल्या जाडीचा मायक्रॉनमधला आकडा छापलेला असतो आणि घरचे सगळे त्यालाच धरून बसतात. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जाडी वेगवेगळ्या रेषांपासून मोजतात, त्यामुळे एकाच डोळ्याचा, एकाच दिवशीचा आकडा दोन केंद्रांत पाच-पन्नास मायक्रॉनांनी वेगळा येऊ शकतो. 'तिथे २७० होतं, इथे ३३० आलं, वाढलं' असं नसतं. म्हणून शक्यतो एकाच यंत्रावर तपासायचं, आणि कागदाच्या जोडीला स्कॅनच्या पूर्ण फाइल मागून घ्यायच्या. एका चित्रात पाणी नसलं तरी शेजारच्या चित्रात असू शकतं.

आता औषधांकडे येऊ, कारण 'महागडं घेतलं तर कमी वेळा लागेल ना?' हा दुसरा नेहमीचा प्रश्न.

बेव्हासिझुमॅब मुळात आतड्याच्या कर्करोगाचं औषध. २००५ साली मायामीचे फिलिप रोझेनफेल्ड ह्यांनी ते डोळ्यात वापरून पाहिलं. शंभर मिलिग्रॅमची ४ मिलीलिटरची कुपी, डोळ्याला लागतं १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ मिलीलिटर. एका कुपीतून अनेक डोस निघतात, म्हणून ते स्वस्त पडतं. २०११च्या 'कॅट' चाचणीत ते नजरेच्या बाबतीत रॅनिबिझुमॅबच्या तोडीस तोड ठरलं आणि २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते डोळ्यासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्याचा धोका औषधात नाही, भरण्यात आहे. एका कुपीतून अनेक सिरिंजा भरताना निर्जंतुकता चुकली तर एकाच दिवशी अनेकांच्या डोळ्यांत संसर्ग होतो. म्हणून कुपीचा बॅच नंबर, ती कुठे आणि कधी भरली, शीतसाखळी राखली का, हे विचारायला संकोचू नये. रॅनिबिझुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, भारतात २०१५ सालीच आलं आणि मधला एक परवडणारा रस्ता उघडला.

अफ्लिबरसेप्ट २०११ साली आलं ते तीन डोसांनंतर दर आठ आठवड्यांचा वायदा घेऊन. त्याचाच चौपट डोस, २ ऐवजी ८ मिलिग्रॅम, २०२३ साली मंजूर झाला आणि तो बारा ते सोळा आठवडे टिकतो असं 'पल्सार' चाचणीने दाखवलं. इथे थोडं गणित करावं. औषध आठ-दहा दिवसांत निम्मं होत असेल, तर चौपट डोसाने मिळतात दोन अर्धायुष्यं जास्त, म्हणजे जेमतेम तीन आठवडे. चाचणीतला फरक त्याहून मोठा दिसतो, कारण तुलनेच्या गटाला ठरलेले आठच आठवडे दिले होते. जुन्या औषधावरही त्यांतले बरेच डोळे दहा-बारा आठवडे टिकले असते का, ह्याचं उत्तर त्या चाचणीत नाही. फॅरिसिमॅब २०२२ साली आलं. ते व्हीईजीएफबरोबर अँजिओपोएटिन-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनालाही अडवतं. त्याच्या चाचण्यांत वर्षाच्या शेवटी सुमारे ४५ टक्के डोळे सोळा आठवड्यांवर आणि जवळजवळ ८० टक्के बारा किंवा त्याहून जास्त आठवड्यांवर होते. तिथेही तुलनेचा गट आठवर बांधलेला होता.

म्हणजे नवी औषधं खोटी आहेत असं नाही. ज्याच्या डोळ्यात स्वस्त औषध चार-पाच आठवड्यांच्या वर टिकतच नाही, त्याच्यासाठी ती खरंच दिवस वाचवतात. अशा माणसाचा प्रवासखर्च, बुडालेली हजेरी आणि वर्षाची सगळी इंजेक्शनं एकत्र मांडली तर महाग औषध कधीकधी स्वस्त पडतं. पण ज्याचा डोळा बेव्हासिझुमॅबवर दहा आठवडे कोरडा राहतो, त्याने जमीन विकून नवं औषध घ्यायची काहीच गरज नाही. आधी डोळ्याची मर्यादा शोधायची, मग औषध बदलायचं की नाही हे ठरवायचं.

आणि 'जास्त टिकतं' ह्या एका गुणावर भाळण्याचे परिणाम एकदा दिसले आहेत. ब्रोलुसिझुमॅब २०१९ साली बारा आठवड्यांचा वायदा घेऊन आलं. २०२०च्या सुरुवातीलाच काही डोळ्यांत पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या बंद पडल्याचे अहवाल आले. असे डोळे थोडेच होते, पण ज्यांचे होते त्यांतल्या काहींची नजर गेली ती परत आली नाही.

आपल्याकडे एक वेगळी शक्यता लक्षात ठेवायला हवी. आशियाई लोकांत वेट एएमडीसारखाच दिसणारा 'पॉलिपॉइडल' प्रकार जास्त आढळतो. पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांना द्राक्षांसारखे फुगे येतात. इंजेक्शनांमागून इंजेक्शनं देऊनही पाणी हटत नसेल, किंवा एकाएकी मोठा रक्तस्राव झाला असेल, तर हिरव्या रंगद्रव्याची आयसीजी अँजिओग्राफी करून हे फुगे शोधायला हवेत. ह्यांना फोटोडायनॅमिक लेझरची जोड दिली तर सुया खरोखर कमी होतात. 'एव्हरेस्ट २' ह्या आशियातल्याच चाचणीत, दोन्ही एकत्र मिळालेल्यांना पहिल्या वर्षी मध्यक ४ इंजेक्शनं लागली, नुसत्या इंजेक्शनवाल्यांना ७. नजरही थोडी जास्त सुधारली. त्यात व्हर्टेपोर्फिन नावाचं औषध शिरेतून दहा मिनिटांत देतात आणि मग लाल लेझर ८३ सेकंद. त्यानंतर किमान दोन दिवस उन्हात जायचं नाही, नाहीतर कातडी भाजते. अडचण अशी की हे औषध सगळीकडे आणि सगळ्या वेळी मिळत नाही. तरीही जिथे निदान चुकलेलं असतं तिथे वर्षानुवर्षं टोचत राहण्यापेक्षा एक अँजिओग्राफी किती तरी स्वस्त.

डोळ्यात बसवायची टाकी, म्हणजे पोर्ट डिलिव्हरी सिस्टिम, अमेरिकेत २०२१ साली मंजूर झाली. तांदळाच्या दाण्याएवढी कुपी डोळ्याच्या पांढऱ्या भागात बसवायची आणि सहा महिन्यांनी बाहेरूनच भरायची. कल्पना देखणी, पण जंतुसंसर्गाचा धोका दर महिन्याच्या इंजेक्शनांपेक्षा तिप्पट, आणि २०२२ साली भरायच्या जागेचं रबर निखळण्याच्या तक्रारींवरून ती मागे घ्यावी लागली. २०२४ साली सुधारून परत आली. जनुकीय उपचार आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यासुद्धा चाचण्यांत आहेत. त्यांची वाट पाहत आजचं इंजेक्शन टाळू नये, एवढंच त्यांच्याबद्दल.

मला जास्त आशा वाटते ती मात्र ह्या सगळ्यापेक्षा साध्या गोष्टींची, कारण त्यांना ना नवं औषध लागतं ना मंजुरी.

तपासणी आणि इंजेक्शन एकाच दिवशी हवं. ट्रीट अँड एक्स्टेंडमध्ये टोचायचं हे आधीच ठरलेलं असतं, मग दुसऱ्या दिवशी बोलावण्याला कारणच राहत नाही. कॅशलेस असेल तर कागद दोन दिवस आधी पाठवले की काउंटरवरचे दोन तास वाचतात. विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांत डोळ्यातली इंजेक्शनं आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत, त्यामुळे 'चोवीस तास ॲडमिट नव्हतात' म्हणून नाकारलं तर त्यावर दाद मागता येते. मात्र पॉलिसीत ह्या यादीसाठी वेगळी रकमेची मर्यादा असते का, ते इंजेक्शन सुरू होण्याआधी वाचावं.

बाहुली मोठी करणारे थेंब दर वेळी लागतातच असं नाही. आजची ओसीटी यंत्रं बऱ्याच डोळ्यांत बाहुली न वाढवता चांगलं चित्र देतात, विशेषतः मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर. इंजेक्शन द्यायलाही बाहुली मोठी असावी लागत नाही. आजार स्थिर असताना एकाआड एक भेटीला थेंब टाळता येतील का, हे डॉक्टरांना विचारावं. त्यात अर्धा-पाऊण तास वाचतो, आणि पुढचे चार-सहा तास धूसर दिसत नाही. म्हणजे परतीच्या एसटीची पाटी वाचता येते.

उपाशीपोटी यायची गरज नाही. मधुमेह असलेल्यांनी तर उपाशी राहूच नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या इंजेक्शनसाठी बंद करायच्या नसतात. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर मात्र आधी सांगावं. आधीचे-नंतरचे अँटिबायोटिक थेंब संसर्ग टाळायला मदत करतात असा पुरावा नाही, तेव्हा तीन-तीन दिवस ते घालण्याचा आणि दर वेळी नव्या बाटलीचा खर्च टाळता येतो. दोन्ही डोळ्यांना लागत असेल तर एकाच दिवशी देता येतं, पण प्रत्येक डोळ्याची तयारी वेगळी, सुया वेगळ्या आणि शक्यतो औषधाचा बॅचही वेगळा.

काही गोष्टींत मात्र एक सेकंदही वाचवायचा नाही. पापण्यांवर आणि डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन, डोळ्याच्या आत ५ टक्क्यांचं, आणि ते घातल्यावर किमान अर्धा मिनिट थांबणं. संसर्ग रोखणारी खरी पायरी हीच. आयोडीन झोंबतं, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. त्याचा उपाय काम झाल्यावर सलाइनने डोळा नीट धुऊन घेणं हा आहे, आयोडीन वगळणं नव्हे. इंजेक्शन देताना डॉक्टरांनी, नर्सनी आणि रुग्णानेही बोलायचं नाही. तोंडातले जंतू उडून डोळ्यावर पडले तर होणारा संसर्ग फार वाईट असतो. सुई बुबुळाच्या कडेपासून मोजून टोचतात, कृत्रिम भिंग असेल तर ३.५ मिलिमीटर, नैसर्गिक असेल तर ४. नंतर लगेच बोटं मोजायला लावतात, ते डोळ्याचा दाब एकदम वाढून रक्तपुरवठा अडला नाही ना हे पाहण्यासाठी.

घरी गेल्यावर काळे गोल ठिपके तरंगताना दिसले तर ते बहुधा हवेचे बुडबुडे, एक-दोन दिवसांत जातात. पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर तो दिसतो भयंकर, पण निरुपद्रवी असतो, आठ-दहा दिवसांत विरतो. पहिल्या रात्रीची चुरचुर सकाळपर्यंत कमी व्हायला हवी. उलट, दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं वाढत गेलं, उजेड सहन होईना, नजर अंधारली, तर तो जंतुसंसर्ग समजायचा आणि त्याच दिवशी, रविवार असो वा दिवाळी, दवाखाना गाठायचा. दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी हे होतं. तासांच्या हिशेबाने नजर जाते. रात्री कुणाचा फोन उचलला जाईल, तो नंबर फायलीच्या पहिल्या पानावर असावा.

आणि तारीख चुकलीच तर? लग्न असतं, पेरणी असते, सोबतीला कुणी नसतं. बरेच जण मग ओशाळून पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबतात, कारण डॉक्टर रागावतील. थांबू नये. दुसऱ्याच आठवड्यात जावं, आणि गॅप किती पडला ते खरं सांगावं. पाणी परत आलं असेल तर चार आठवड्यांच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात होते. 'कॅट'मधल्या रुग्णांना दोन वर्षांनंतर चाचणीतून मोकळं केल्यावर रोजच्या व्यवहारातले, कमी-अधिक उपचार मिळाले, आणि पाचव्या वर्षी त्यांची दुसऱ्या वर्षाच्या तुलनेत सरासरी ११ अक्षरं गेलेली होती. २०२०च्या लॉकडाउनमध्येही असंच झालं: काही महिन्यांच्या खंडानंतर बऱ्याच डोळ्यांची गेलेली अक्षरं इंजेक्शनं पुन्हा सुरू करूनही पूर्ण परत आली नाहीत. फेरी चुकवलेल्या माणसाला दवाखान्यात ओरडा मिळत असेल तर तो पुढच्या वेळी येणारच नाही. तिथल्या माणसांनी आधी "बरं झालं आलात" म्हणावं.

थांबण्याची वेळही येते, आणि ती ओळखणं हेही काम आहे. मॅक्युलाच्या मध्यावर पक्का व्रण तयार झाला, पाणी-रक्त काही उरलं नाही आणि टोचून नजरेत फरक पडणार नाही, असं दिसलं तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगावं, आणि त्याच भेटीत लो व्हिजनच्या भिंगांकडे, मोठ्या अक्षरांच्या मोबाइलकडे, वाचून दाखवणाऱ्या ॲपकडे वळवावं. कडेची नजर शाबूत असते. माणूस घरात फिरू शकतो, स्वतःचं स्वतः करू शकतो. त्याला अजून दोन वर्षं आशेवर टोचत ठेवणं बरं नाही.

राहता राहिला दुसरा डोळा. ज्याला एका डोळ्याला हा आजार आहे त्याच्या दुसऱ्या डोळ्याचा धोका बराच मोठा असतो, आणि तिथे लवकर पकडलेलं पाणी कमी इंजेक्शनांत आणि चांगल्या नजरेवर आवरतं. त्यासाठी ॲम्सलर ग्रिड पुरते: दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच मिलिमीटरचे चारशे चौकोन, मध्यभागी ठिपका. वाचायचा चष्मा लावून, हाताच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे साधारण तीस सेंटिमीटरवर धरायचा. आजारी डोळा तळहाताने झाकायचा, चांगल्याने ठिपक्याकडे बघायचं, आणि रेषा वाकड्या, तुटक किंवा पुसट होतात का ते पाहायचं. रोज सकाळी चहाच्या आधी, एक मिनिट. ग्रिड नसेल तर बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांकडे किंवा दाराच्या चौकटीकडे बघूनही कळतं. रेषा वाकली की पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच आठवड्यात ओसीटी करून घ्यायचा.